घरी बसून शिका, पण काम जागेवर जाऊन पाहा

मुंबईच्या हार्बर मार्गावर वडाळ्याजवळ रूळ ओलांडताना माणसे मरत होती. सूचनाफलक होते, दंड होता, उद्घोषणाही होत्या. लोक ओलांडायचे थांबत नव्हते. २०१० च्या सुमारास ‘फायनल माइल’ या मुंबईतल्या सल्लागार संस्थेने रेल्वेच्या मदतीने तिथे तीन बदल करून पाहिले. रुळांखालचे ठरावीक स्लीपर पिवळे रंगवले. अंगावर येणारी मोठी वस्तू असते त्याहून हळू येत आहे असा डोळ्यांना भास होतो. पिवळे पट्टे एकामागून एक गाडीखाली जाताना दिसले की वेगाचा अंदाज येतो. मोटरमनने एक लांब हॉर्न देण्याऐवजी दोन तुटक हॉर्न द्यावेत, असे ठरले, कारण मधल्या क्षणभराच्या शांततेने कान टवकारले जातात. आणि शब्दांच्या फलकाऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा दाखवणारी छायाचित्रे लावली. तिथले मृत्यू कमी झाल्याच्या बातम्या तेव्हा परदेशातल्या वृत्तपत्रांनीही छापल्या.

‘लोकांना शिस्तच नाही’ असे म्हणून हात झटकले असते, तर यातले काहीच सुचले नसते. माणूस चुकीचा का वागतो हे त्याच्या डोळ्यांतून, कानांतून आणि घाईतून समजून घ्यायचे, मग जागा, यंत्र किंवा कामाची पद्धत अशी बदलायची की बरोबर वागणे सोपे व्हावे, असा हा अभ्यास आहे. एर्गोनॉमिक्स किंवा ह्यूमन फॅक्टर्स या नावाने तो ओळखला जातो आणि वर्तनबदल ही त्याची अलीकडे फोफावलेली शाखा. ती ऑनलाइन शिकता येते, अशा जाहिराती आता मोबाईलवर दिसतात आणि घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. याला भवितव्य आहे का? आणि घरी बसून घेतलेल्या शिक्षणाला कोणी विचारेल का?

विषयाची दोन टोके

पहिले टोक यंत्राकडचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरून धावपट्टीवर असतानाच पोटावर आदळत. वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायला जात आणि चाके मिटवून बसत. अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये कॉकपिट पाहिले. दोन्ही कळी शेजारी शेजारी आणि एकसारख्या होत्या. दमलेला वैमानिक चुकणारच. त्याने एका कळीला चाकासारखा आणि दुसरीला फ्लॅपसारखा आकार द्यायला सुचवले, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळावा. वैमानिकांना नवे प्रशिक्षण देण्याची गरज पडली नाही.

दुसरे टोक माणसाच्या सवयींकडचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सुसन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक चौकट मांडली. कोणतेही वर्तन घडायला तीन गोष्टी लागतात: क्षमता, संधी आणि प्रेरणा. २०१३ मध्ये याच गटाने वर्तन बदलण्याच्या ९३ तंत्रांची वर्गवारी प्रसिद्ध केली.

ही चौकट कारखान्यात कशी चालते ते पाहू. पॅकिंग विभागातला कामगार वाकून जमिनीवरची खोकी उचलतो आणि त्याची पाठ धरते. भिंतीवर ‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ असे पोस्टर आहे, दर महिन्याला त्यावर सेफ्टी टॉकही होतो. म्हणजे क्षमता आहे, त्याला कळते. पण उचलायची ट्रॉली दुसऱ्या टोकाला आहे आणि मध्ये माल रचलेला आहे; संधी नाही. वर इन्सेंटिव्ह नगावर मिळतो. ट्रॉली आणायला गेला तर पैसे बुडतात, म्हणजे प्रेरणा उलट्या दिशेची. अशा ठिकाणी पोस्टर मोठे करून काय उपयोग? पॅलेट कमरेच्या उंचीवर आणले की वाकणेच संपते. वजन उचलण्याच्या प्रशिक्षणाने पाठदुखी टळते का, याचा आढावा वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन गटाने २०११ मध्ये घेतला, तेव्हा तसा पुरावा हाती लागला नाही. तरी बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून प्रशिक्षणच दिले जाते. हे वेळेवर ओळखू शकणाऱ्या माणसाची कंपनीला गरज असते.

कागद तोच, निकाल वेगळा

हा विषय घेण्याआधी विद्यार्थ्याने एक उदाहरण नीट वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक पानी तपासणी यादी तयार केली. रुग्ण तोच ना, अवयव तोच ना, शेवटी साधने आणि कापसाचे बोळे मोजले ना, असे साधे मुद्दे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचेही एक होते. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर उतरले होते. पुढे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात ही यादी सरसकट लागू झाली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

यावर बराच वाद झाला. अनेक जाणकारांनी बोट ठेवले ते अंमलबजावणीवर. यादी भरणे म्हणजे खुणा करणे, की सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिकेने अर्धा मिनिट थांबून एकमेकांशी बोलणे? वरून हुकूम आला की खुणा होतात. बोलणे होण्यासाठी परिचारिकेला सर्जनला टोकायची मुभा लागते. वर्तनबदलाचा अभ्यास म्हणजे हा फरक ओळखणे आणि त्यावर काम करणे. ज्याला या उदाहरणात रस वाटला, त्याने पुढे वाचावे. ज्याला कंटाळा आला, त्याच्यासाठी दुसरी चांगली क्षेत्रे आहेत.

ऑनलाइन काय जमते, काय नाही

सिद्धांत, संशोधन वाचण्याची पद्धत, आकडेवारी, प्रश्नावली तयार करणे, अहवाल लिहिणे हे सगळे ऑनलाइन उत्तम शिकता येते. शरीराच्या स्थितीला गुण देणारी रुला ही पद्धत १९९३ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या लिन मॅकअटॅम्नी आणि नायजेल कॉर्लेट यांनी मांडली. तिचा तक्ता एका पानाचा आहे आणि तो संध्याकाळी बसून समजून घेता येतो. अमेरिकेच्या निऑश संस्थेचे वजन उचलण्याचे सूत्रही तसेच. सगळे अनुकूल असतानाही ते २३ किलोच्या वर जायला हरकत घेते. वाकणे, वळणे, वारंवारता वाढली की मर्यादा झपाट्याने खाली येते.

पण तक्ता समजणे वेगळे आणि शिफ्टच्या सातव्या तासाला लाइनवर उभे राहून कामगाराचे मनगट पाहणे वेगळे. साहेब पाहायला आला की कामगार नियमाप्रमाणे काम करून दाखवतो. पाहणारा चहाला गेला की खरी पद्धत सुरू होते. ती पाहायला मिळावी यासाठी विश्वास कमवावा लागतो आणि तो व्हिडिओवरून शिकता येत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्या हाताशी स्वतःची कामाची जागा आहे, त्याच्यासाठी ऑनलाइन शिक्षण सोन्यासारखे आहे. तो सोमवारी शिकलेले मंगळवारी वापरून पाहतो. नुकत्याच बारावी झालेल्या मुलासाठी मात्र ती चुकीची सुरुवात आहे.

बारावीनंतरची वाट

आधी पायाची पदवी घ्या आणि ती वर्गात बसून घ्या. चार दारांपैकी कोणत्याही एकातून या विषयात शिरता येते. मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग हे पहिले. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा नर्सिंग हे दुसरे. मानसशास्त्र तिसरे. डिझाइन चौथे: बारावीनंतर यूसीड परीक्षेतून आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये किंवा आयआयटी गुवाहाटीत बी.डेस. करता येते, त्यासाठी कोणतीही शाखा चालते. पदवीनंतर एम.डेस.साठी सीड ही परीक्षा आहे.

इथे एक सावधगिरी. इंजिनीअरिंग, नर्सिंग, फिजिओथेरपी यांसारख्या पदव्या भारतात ऑनलाइन चालत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचेही ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे प्रवेश बंद करायला सांगितले आहेत. कोणी ‘घरबसल्या मानसशास्त्राची पदवी’ विकत असेल, तर पावती फाडण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरची यादी पाहा.

पदवीनंतर दोन वर्षे नोकरी करा. कारखाना, रुग्णालय, गोदाम, कॉल सेंटर, विमानतळ, काहीही चालेल. मग ऑनलाइन शिक्षणाचा विचार करा. तोपर्यंत तुमच्याकडे सोडवायला खरे प्रश्न जमलेले असतील.

कुठे शिकायचे, काय तपासायचे

सुरुवात फुकटात करा. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आयआयटी गुवाहाटीच्या प्राध्यापकांचे एर्गोनॉमिक्सचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिचे शुल्क हजार रुपयांच्या आसपास असते. एक अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा दिलीत, तर विषय झेपतो का, हे आपोआप कळेल.

परदेशी वाट मुख्यतः ब्रिटनमधून जाते. डर्बी विद्यापीठासारख्या संस्था हा विषय नोकरदारांना ऑनलाइन शिकवतात. तिथल्या मास्टर्सला १८० क्रेडिट लागतात, पण ६० क्रेडिटवर सर्टिफिकेट आणि १२० वर डिप्लोमा घेऊन थांबता येते. त्यामुळे सगळी फी एकदम भरू नका, आधी पहिला टप्पा पार करा. अभ्यासक्रमाला ब्रिटनच्या ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एर्गोनॉमिक्स अँड ह्यूमन फॅक्टर्स’ची मान्यता आहे का, हे विचारा. १९४९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला २०१४ मध्ये रॉयल चार्टर मिळाला. तिची सनद असलेल्या तज्ज्ञाला बाहेर वजन आहे.

भारतातल्या मान्यतेचा प्रश्न वेगळा. खासगी कंपनी तुमचे काम पाहील, पण सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएच.डी.साठी परदेशी पदवीला समकक्षता लागते आणि तिथे ऑनलाइन पदवी अडू शकते. एड-टेक कंपनीच्या मध्यस्थीने मिळणाऱ्या परदेशी पदव्या मान्य नाहीत, असा इशारा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्येच दिला आहे. समुपदेशकाच्या फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका, लेखी उत्तर घ्या.

मुंबईजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये औद्योगिक सुरक्षेचा अॅडव्हान्स डिप्लोमा चालतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर नेमणे बंधनकारक केले, तेव्हापासून या पदाला कायद्याचा आधार आहे. हा डिप्लोमा आणि त्यावर ऑनलाइन घेतलेला वर्तनबदलाचा अभ्यास, ही जोडी चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या पट्ट्यात उपयोगी पडेल.

नोकरी कोणत्या नावाने मिळते

‘एर्गोनॉमिस्ट हवा’ अशी जाहिरात शोधत बसलात, तर निराश व्हाल. हे काम वेगवेगळ्या पदांच्या आड असते. कारखान्यात ते सेफ्टी किंवा इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग विभागात मिळते. सॉफ्टवेअरमध्ये यूएक्स रिसर्चर म्हणून. निर्यात करणाऱ्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत यूजेबिलिटी विभागात, कारण साधन वापरताना माणूस कुठे चुकू शकतो, याची चाचणी अमेरिकेसारख्या बाजारपेठा मागतात. विमान देखभाल अभियंत्याच्या परवाना परीक्षेत ह्यूमन फॅक्टर्स हा स्वतंत्र विषयच आहे, त्यामुळे तिथे शिकवणाऱ्यांचीही गरज असते. म्हणजे मूळ व्यवसाय सुटत नाही, त्यावर एक मजला चढतो.

पालकांसाठी

‘घरी बसून करेल का तो पूर्ण?’ ही तुमची शंका रास्त आहे. तिचे उत्तर रागावून मिळणार नाही, मिचींच्याच चौकटीने मिळेल. क्षमता: इंग्रजीत वीस पानांचा शोधनिबंध वाचून त्याचा सारांश तो लिहू शकतो का? नसेल तर आधी ते शिकू द्या. संधी: आठवड्यातले दहा-बारा तास, बसायला शांत जागा आणि निरीक्षणाची परवानगी देणारा वरिष्ठ आहे का? प्रेरणा: त्याला कामाच्या जागेवरचा एखादा प्रश्न खरोखर छळतो आहे, की केवळ पुढची पदवी हवी आहे? तिन्हींना होकार असेल तर फीची तजवीज करा. एकाला नकार असेल तर आधी तेवढे सुधारा. प्रवेश पुढच्या वर्षीही मिळतो.

विद्यार्थ्यांनो, अर्ज भरण्याआधी एक काम करा. ओळखीचे कोणतेही एक काम निवडा: किराणा दुकानातली गोणी उचलणे, बसवाहकाचे तिकीट देणे, दवाखान्यातली नोंदणी. परवानगी घेऊन तासभर पाहा. नियम काय म्हणतो, माणूस प्रत्यक्षात काय करतो आणि तसे करण्यात त्याचे काय वाचते, हे दोन पानांत लिहा. शेवटी एकच बदल सुचवा, ज्यात माणसाला उपदेश करावा लागणार नाही. ती दोन पाने त्या माणसाला वाचून दाखवा. ‘हो, असंच आहे’ असे तो म्हणाला, तर प्रवेश अर्जासोबत जोडायला तुमच्याकडे पहिला नमुना तयार आहे.