सक्शनची वेळ घड्याळाला विचारू नकोस

आयसीयूत पोस्टिंग मिळाली म्हणून तू धास्तावली आहेस, हे तुझ्या मेसेजवरून कळलंच. व्हेंटिलेटरचं काही वाटत नाही, पण सक्शन करायचं म्हटलं की हात थरथरतात, असं लिहिलंयस. थरथरू देत. ज्यांचे हात कधीच थरथरत नाहीत अशाही सिस्टर मी पाहिल्यात. पेशंटच्या चेहऱ्याकडे न बघता कॅथेटर आत सारतात आणि चार्टवर टिक मारून पुढच्या बेडकडे वळतात. त्यांच्यापेक्षा तू बरी.

आता मुख्य गोष्ट ऐक. दर दोन तासांनी सक्शन करायचं, हा जो रिवाज कित्येक वॉर्डांत चालतो ना, तो डोक्यातून काढून टाक. चार्टवरचे दोन-दोन तासांचे रकाने पेशंट तपासण्यासाठी असतात. सक्शन मात्र गरज असेल तेव्हाच. कॅथेटर आत गेला की कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढली जाते आणि सॅच्युरेशन खाली येतं. श्वासनलिकेचं नाजूक अस्तर सोलवटतं. व्हेगस नर्व्ह चाळवली गेली तर पल्स एकदम मंदावते. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या मेंदूवरचा दाब वाढतो, तो वेगळाच. कफ असेल तर एवढी जोखीम घ्यायलाच हवी. कफ नसताना सक्शन केलंस तर पेशंटच्या पदरात नुसतं नुकसान.

गरज कशी ओळखायची म्हणशील, तर ट्यूबमध्ये कफ वरखाली होताना दिसतो, घरघर ऐकू येते. छातीवर तळहात ठेवलास तर खरखर हाताला लागते. स्टेथो गळ्याच्या खाली, श्वासनलिकेवर ठेवून ऐक, तिथे आवाज लपत नाही. व्हेंटिलेटरवर पीक प्रेशर चढायला लागतं आणि फ्लोच्या रेषेला करवतीसारखे दाते दिसतात. पण थांब हं, सर्किटच्या नळीत पाणी साचलं तरी अगदी तसेच दाते दिसतात. आधी ते पाणी काढ, मग पुन्हा बघ.

खरखर हाताला लागते म्हणाले, त्यावरून आठवलं. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने पेशंटच्या गळ्यात ट्यूब घालून हाताने बॅग दाबायची पद्धत सुरू केली. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून मेडिकलची पोरं पाळीपाळीने रात्रंदिवस बेडशी बसून बॅगिंग करायची. आपल्या आयसीयूची मुळं तिथली. आजही बॅगिंग करताना बॅग कडक लागली तर समज की आत काहीतरी अडकलंय. मॉनिटरचा अलार्म बऱ्याचदा त्यानंतर वाजतो.

आता प्रत्यक्ष करायचं कसं ते सांगते. कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको, नाहीतर बाजूने हवा जायला जागाच उरत नाही. फ्रेंच नंबराला 3 ने भागलं की मिलिमीटर मिळतात. म्हणजे 8 नंबरच्या ट्यूबला 12 चा, पांढऱ्या टोकाचा. 7 च्या ट्यूबला 10 चा, काळ्या टोकाचा. ट्रेमध्ये हिरवा 14 चा समोर पडलाय म्हणून तोच उचलायचा, असं नाही करायचं. सक्शनची नळी अंगठ्याने बंद करून गेज बघ, मोठ्या माणसाला 80 ते 120, फार तर 150. कफ घट्ट आहे म्हणून प्रेशर वाढवत नेलंस तर शेवटी रक्तच येईल.

आधी 30 सेकंद ते मिनिटभर शंभर टक्के ऑक्सिजन दे. आत घालताना सक्शन बंद ठेव. ट्यूबच्या लांबीइतकाच आत ने, पार खाली टेकेपर्यंत ढोसायची गरज नसते. मग अंगठा ठेवून बाहेर काढ. आत घातल्यापासून बाहेर येईपर्यंत 10 ते 15 सेकंदांत आटपायला हवं. मनात आकडे मोजण्यापेक्षा एक जुनी युक्ती आहे: कॅथेटर आत घालताना तू स्वतःचा श्वास रोखून धर. तुझा जीव घाबरा झाला की त्याचाही झालाय असं समज आणि बाहेर ये. पुन्हा ऑक्सिजन, पुन्हा सॅच्युरेशन वर येऊ दे, मगच दुसऱ्यांदा. पल्स पडली तर कफ राहिला तरी चालेल, ताबडतोब थांब.

आणि ते सलाईन. प्रत्येक सक्शनआधी ट्यूबमध्ये पाच एमएल सलाईन सोडायची सवय अजून खूप जणींना आहे. कफ सैल होतो म्हणतात. तसं फारसं होत नाही. सॅच्युरेशन मात्र पडतं आणि ट्यूबला चिकटलेले जंतू खाली वाहून जाण्याची भीती असते. कफ चिकट असेल तर ह्युमिडिफायर चालू आहे का, एचएमई फिल्टर ओला झालाय का, पेशंटला पुरेसं पाणी जातंय का, हे बघ. नाकातून जाणारी हवा नाक ऊबदार, ओलसर करून पाठवतं. आपण नाक वगळून थेट श्वासनलिकेत हवा सोडतो, तर नाकाचं काम कुणीतरी करायलाच हवं. एखादी सीनियर सलाईन सोड म्हणाली तर वाद घालत बसू नकोस, डॉक्टरांना विचारून करते म्हण.

तोंडातलं सक्शन ट्यूबच्या नंतर. तोंडात गेलेला कॅथेटर परत ट्यूबमध्ये गेलाच नाही पाहिजे, कितीही घाई असली तरी. बेडचं डोकं 30 ते 45 अंशांवर ठेव. ट्यूबच्या टोकाशी असलेल्या फुग्याचं, म्हणजे कफचं (cuff) प्रेशर मीटरने मोज, 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतकं. पायलट बलून बोटाने दाबून अंदाज घेणाऱ्या पुष्कळ, आणि तो अंदाज चुकणाऱ्याही तितक्याच. ट्यूब ओठाशी किती नंबरवर फिक्स आहे ते हँडओव्हरमध्ये बोलून सांग, नुसतं लिहून ठेवू नकोस.

आता जे कुठल्या प्रोसीजर बुकात पुरेसं लिहिलेलं नसतं ते. तुझा पेशंट ओरडू शकत नाही. स्वरतंतूंमधून ट्यूब गेलीय, नाहीतर हवा गळ्यातल्या भोकातूनच बाहेर पडतेय. आवाज निघणार कुठून? एक आजोबा होते, शेतकरी माणूस. रात्रभर बेडच्या रेलिंगवर बोटं आपटत होते. सगळे म्हणत होते, एजिटेटेड आहेत, हात बांधा. सकाळच्या स्टाफने टेप सोडून बघितलं तर कानाच्या पाळीमागे टेपने कातडी कापली गेली होती, आणि ओठाचा कोपरा ट्यूबखाली पांढरा पडला होता. टेप बदलली, ट्यूब दुसऱ्या कोपऱ्यात घेतली, आजोबा झोपी गेले. म्हणून एजिटेटेड हा शब्द वापरण्याआधी मानेपासून पायापर्यंत हात फिरवून बघ.

प्रत्येक सक्शनच्या आधी सांग, 'आजोबा, कफ काढतेय हं, खोकला येईल, गुदमरल्यासारखं वाटेल, पण लगेच संपतं.' सिडेशनवर असले तरी सांग. हाताशी पाटी-पेन्सिल ठेव. लिहिता न येणाऱ्यांसाठी जाड कागदावर पाण्याचा तांब्या, पांघरूण, दुखणारा माणूस, घरची माणसं अशी चित्रं काढ. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा तर नाही, हे ठरवून घे आणि पुढच्या शिफ्टलाही सांग. नाहीतर तिथे परत पहिल्यापासून सुरुवात.

गळ्याला भोक पाडून ट्यूब घातलेल्या, म्हणजे ट्रॅकीच्या पेशंटबद्दल एवढंच: उशाशी त्याच मापाची एक आणि एक नंबर लहान, अशा दोन ट्यूब, डायलेटर आणि अँबू बॅग नसेल तर हँडओव्हर घेऊच नकोस. दोरी आणि मानेच्या मध्ये एक बोट जाईल इतकीच ढील. इनर कॅन्युला असेल तर तो काढून बघितल्याशिवाय ट्यूब साफ आहे असं म्हणायचं नाही. आणि ऑपरेशनला आठवडा झाला नसताना ट्यूब निघाली तर ती आपल्या मनाने परत आत ढकलायची नाही. मार्ग अजून पक्का झालेला नसतो, ट्यूब भलतीकडेच शिरते. हाक मार, तोंडानाकावर मास्क धरून ऑक्सिजन दे, भोकावर गॉज दाबून धर. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्रच काढलेला पेशंट असेल तर मात्र त्याला नाकातोंडातून हवा मिळतच नाही, ऑक्सिजन गळ्यावरच द्यायचा. तुझ्या बेडवरचा पेशंट या दोघांपैकी कोणता, हे ड्युटीवर आल्या आल्या फाइल उघडून बघ आणि बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहून लाव.