शेवटच्या ओळीत जाऊन बस

अगं, तुमच्या तुर्कस्तानच्या टूरच्या कागदावर अंताल्याच्या दिवशी ‘आस्पेंदोस, फोटो स्टॉप’ एवढंच छापलंय. ते वाचलं आणि राहवेना. सासरची सगळी मंडळी बरोबर, म्हणजे तू काय करणार हे मला इथे बसून दिसतंय. सासूबाईंची पर्स सांभाळशील, पोरांना पाणी देशील, सगळ्यांचे फोटो काढशील आणि सगळ्यांत शेवटी बसमध्ये चढशील. बाकी सहलीत खुशाल कर. पण आस्पेंदोसला नको. तिथला वेळ तुझा ठेव.

अंताल्यापासून पूर्वेला साधारण ४५ किलोमीटरवर, सेरिक गावाच्या पुढे आस्पेंदोसचं हे रोमन थिएटर आहे. आत शिरल्यावर सगळे समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहतील, तूही राहा. रोमन थिएटरं भूमध्य समुद्राच्या काठाने पुष्कळ सापडतात, पण रंगमंचामागची भिंत बहुतेक ठिकाणी ढासळलेली असते. इथे ती जवळजवळ पूर्ण उंचीने उभी आहे. कोनाड्यांतले पुतळे गेले, पुढचे संगमरवरी खांब गेले. तरी वर मधोमध त्रिकोणी शिल्पात वेलबुट्टीच्या मध्ये डायोनिसस आहे, मद्याचा आणि नाटकाचा देव. तो नीट शोध. मग भिंतीवर कुठे जुना गिलावा उरलाय ते बघ. त्यावर लाल रंगाची झिगझॅग नक्षी दिसेल. ती रोमनांची नाही, सेल्जुक तुर्कांची. तेराव्या शतकात त्यांच्या सुलतानाने ही वास्तू डागडुजी करून वापरात घेतली. मला ती फिकट लाल नक्षी फार मोलाची वाटते. जी वास्तू कुणी राहती ठेवतं, तिचे दगड सहसा कुणी उपसून नेत नाही. पुढे १९३० मध्ये तुर्कस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष अतातुर्क इथे आले आणि हे दुरुस्त करून पुन्हा वापरा, असं त्यांनी सांगितलं. १९९४ पासून ऑपेरा आणि बॅलेचा महोत्सवही इथे भरू लागला.

आता खरं सांगायचं ते. भिंत बघून झाली की वर चढायचं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. सासूबाईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही, त्यांना खाली सावलीत बसव, जवळ पाण्याची बाटली ठेव आणि ‘मी वर जाऊन येते’ म्हण. विचारायचं नाही, सांगायचं. आवाज गोड ठेवलास की कुणाला काही वाटत नाही. पायात मात्र बूट हवेत. चपलांनी जाऊ नकोस, दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि जिने उभे आहेत. खाली-वर मिळून चाळीसच्या आसपास ओळी आहेत. मध्ये रुंद वाट लागते, तिथे दम खा. घाई करू नकोस.

वरच का, ते सांगते. सम्राट ऑगस्टसने रोममध्ये नियम केला होता, ग्लॅडिएटरांचे खेळ बायकांनी सर्वांत वरच्या ओळींतूनच बघायचे. ते वाचल्यापासून मी कुठल्याही रोमन थिएटरात गेले की आधी वर जाते. ज्यांना मागे बसवलं त्यांना काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, हे मला बघायचं असतं. आणि आस्पेंदोसला वर बसलं की कळतं, बांधणाऱ्याने शेवटच्या माणसालाही वाऱ्यावर सोडलेलं नाही. झेनॉन त्याचं नाव, थिओडोरसचा मुलगा. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात त्याने हे बांधलं. पैसा दिला कुर्तियस घराण्यातल्या दोन भावांनी, तसे लेख ग्रीक आणि लॅटिन दोन्ही भाषांत कोरलेले आहेत. हजारो माणसं बसतील एवढी जागा. पण प्रत्येक ओळ पुढच्या ओळीच्या डोक्यावरून बघते आणि समोरची भिंत आवाज परत प्रेक्षकांकडे पाठवते. पूर्वी रंगमंचावर लाकडी छप्पर होतं, त्याचीही मदत व्हायची.

जावईबापूंना आधीच सांगून ठेव, तू वर पोचलीस की त्यांनी खालच्या अर्धवर्तुळाच्या मध्यावर उभं राहून बोलायचं. ओरडायचं नाही, घरात बोलतात तसं. डोळे मिटून ऐक. गर्दीचा गलका असेल तर जरा थांब, एक टूर बाहेर पडली की दुसरी आत यायच्या आधी मधला वेळ मिळतो.

तिथली दंतकथाही याच वरच्या ओळीवर उभी आहे. राजाला मुलीसाठी वर निवडायचा होता. दोन कारागीर पुढे आले. एकाने गावाला पाणी आणलं, दुसऱ्याने हे थिएटर बांधलं. राजा पाणीवाल्याला मुलगी देणार, एवढ्यात थिएटरात वर फिरताना त्याला कुजबुज ऐकू आली, ‘राजकन्या मलाच मिळायला हवी.’ खाली रंगमंचावर कारागीर स्वतःशीच पुटपुटत होता. राजाने तिथेच मन बदललं.

मला त्या पाणीवाल्याबद्दल वाईट वाटतं, कारण त्याचं कामही तोडीस तोड आहे. थिएटरच्या उत्तरेला शेतांत त्या जलवाहिनीच्या कमानी आणि दोन उंच मनोरे अजून उभे आहेत. डोंगरातलं पाणी दरीत उतरवून दाबाने पुन्हा वर चढवायची ती योजना होती. बस तिकडे वळत नाही. म्हणून सकाळी निघतानाच गाइडशी बोलून घे, त्याने नाही म्हटलं तर थिएटरच्या वरून कमानी कुठल्या बाजूला दिसतात एवढं तरी विचारून ठेव.