सासूबाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट

अगं, आधी डोळे पूस आणि तो रिपोर्ट पुन्हा बघ. टी-३ बराच खाली, टी-४ जेमतेम, टीएसएच मात्र नॉर्मल. न्यूमोनियानं आयसीयूत पडून असलेल्या माणसाचा रिपोर्ट बहुतेक वेळा असाच येतो. 'आता थायरॉइडही निघाला' म्हणून सगळ्या नातेवाइकांना फोन करू नकोस.

मोठ्या आजारात शरीर टी-४ पासून टी-३ बनवणं कमी करतं. पगार थांबला की आपण घरखर्चाला हात आखडता घेतो ना, तसं. ग्रंथी धडधाकट असते, आकडे तेवढे बिघडतात. त्यात औषधांची भर. स्टेरॉइड आणि रक्तदाबासाठी लावलेलं डोपामाइन टीएसएच खाली ओढतात. हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणाऱ्या अमियोडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि आपल्याला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम! सीटी स्कॅनला शिरेतून देतात त्या औषधातही आयोडीन असतं. म्हणून थायरॉइडचा तसाच संशय असल्याशिवाय अॅडमिट पेशंटची ही तपासणी करूच नये, असं जाणते डॉक्टर सांगतात. मला ते मनापासून पटतं.

आणखी एक ऐकून ठेव. सासूबाई बऱ्या व्हायला लागल्या की टीएसएच उलट वर जाईल, कधीकधी २० च्या आसपासही. तेव्हा पुन्हा घाबरशील. तोही बहुतेकदा आपोआप उतरतो. बऱ्या होऊन सहा ते आठ आठवडे झाले की परत रक्त तपासायचं, तोच रिपोर्ट खरा धरायचा.

पण 'काही नसतं' म्हणून निर्धास्तही राहू नकोस. गळ्यावर ऑपरेशनचा व्रण, गाठ, अंग गार पडणं, नाडी मंद, सोडियम कमी, हाक मारली तरी गुंगीत, आणि टीएसएच २० च्याही वर, असं दिसलं तर तो खरा थायरॉइड असू शकतो आणि तिथे तासही महत्त्वाचे असतात. उलट, सणकून ताप, बेफाम धावणारी नाडी आणि भ्रमिष्टासारखी बडबड, हेही तितकंच घातक. यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट न पाहता लगेच सिस्टरना सांग.

आपल्या आईचं मात्र वेगळं. ती वर्षानुवर्षं थायरॉक्सिन घेते, तिची गोळी दवाखान्यातही चालूच राहायला हवी. खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी फाइलवर ती गोळी लिहायचीच राहून गेली होती. एक-दोन दिवस चुकली तर फार बिघडत नाही, कारण या औषधाचा अंमल शरीरात आठवडाभर रेंगाळतो. पण मुक्काम लांबला तर चालत नाही. मग गोळी सुरू झाली तीही सकाळच्या छोट्या कपात, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांसोबत! त्या दोघी थायरॉक्सिन अंगी लागू देत नाहीत. चार तासांचं अंतर हवं. नाकातून नळीनं दूध-पेज चालू असेल तरी गोळीची वेळ वेगळी काढून मागायची. आणि कोणी थायरॉइडचा जोर कमी करणारं कार्बिमॅझोल घेत असेल, तर ताप आणि घसा दुखणं अंगावर काढायचं नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात, त्याच दिवशी रक्त तपासायचं.

डॉक्टरांशी वाद घालू नकोस, पण प्रश्न विचारायला लाजूही नकोस. सासूबाई घरी घेत होत्या त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून उद्या घेऊन जा. आणि डिस्चार्ज कार्डावर थायरॉक्सिन लिहून आलं, तर 'ही गोळी कशासाठी, किती दिवस आणि परत तपासणी कधी' हे विचारून, कार्डावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नकोस.