‘इंटरनॅशनल’ शाळेत नाव घालण्यापूर्वी



प्रवेशाचे दिवस आले की घोडबंदर रोडपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ‘इंटरनॅशनल’ शाळांचे फलक झळकतात. “फादर, कुठे घालू मुलाला?” असे आपण आम्हाला विचारता. शाळा आम्ही सुचवणार नाही. मात्र नाव वेगळे आणि वस्तू वेगळी, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा येथे उपयोगी पडेल.

अशा नावाच्या अनेक शाळांत आयबी किंवा केंब्रिज नव्हे, तर सीबीएसई, आयसीएसई वा राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम असतो. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

१. मान्यता : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. मान्यतापत्र व ११ अंकी यू-डायस क्रमांक मागा. अनधिकृत शाळांच्या जाहीर याद्याही तपासा.

२. देणगी : प्रवेशासाठी देणगी घेण्यास, मुलाची वा आईवडिलांची चाचणी घेण्यास हाच कायदा मनाई करतो.

३. फी : २०११ च्या राज्य कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. बस, गणवेश, पुस्तके धरून दहावीपर्यंतचा खर्च घरी मांडून पाहा.

मान्यता नसलेल्या शाळेतून मुलाला नववीत काढावे लागल्यावर आईवडिलांची झालेली धावपळ आम्ही पाहिली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक म्हटले. तेव्हा शाळेच्या कार्यालयात कागद मागताना संकोच करू नका.