बोगस बिल आणि खरा जबाब

जीएसटीची कामं करताना व्यापाऱ्यांसोबत अनेकदा चौकशीला बसलो. त्यातून पक्कं कळलेलं इथे मांडतो.

१. नुसतं बिल घेऊ नका.
"शेठ, माल राहू द्या, बिल घ्या, क्रेडिट मिळेल," म्हणत दलाल पेढीवर येतो. मालाशिवाय बिल फाडणं हा गुन्हा, आणि त्यावर क्रेडिट उचलणं हाही गुन्हाच. अशा क्रेडिटची रक्कम ५ कोटींच्या वर गेली की ५ वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र.

२. खोटा कागद टिकत नाही.
एका भंगारवाल्याच्या ई-वे बिलावर १२ टन लोखंड होतं. अधिकाऱ्याने गाडीचा नंबर संगणकावर टाकला. ती स्कूटर निघाली. पुढे विचारायला काही उरलं नाही. आता तर ई-वे बिल फास्टॅगशी जोडलंय. ट्रकने टोलनाका ओलांडला की नाही, तेही दिसतं.

३. घरच्यांच्या सह्या उगाच घेऊ नका.
फर्म बायकोच्या नावावर, धंदा नवऱ्याचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. समन्स मात्र तिच्या नावाने येतं. ज्या बिलांची तिला कल्पनाही नाही, त्यांची उत्तरं तिला द्यावी लागतात.

४. समन्स टाळू नका.
केंद्रीय कार्यालयाचं असेल तर आधी त्यावरचा डीआयएन, म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक, पोर्टलवर तपासा. खरं असेल तर दिल्या तारखेला हजर व्हा. अडचण असेल तर लेखी मुदत मागा.

५. जबाब खराच द्या.
समन्सवरची चौकशी कायद्याने न्यायिक कार्यवाही मानली जाते. आठवत नसेल तर "वह्या पाहून सांगतो" म्हणा. सहीआधी प्रत्येक पान वाचा.

६. नोटिशीची वाट पाहू नका.
फसवणुकीच्या प्रकरणात नोटिशीआधी कर आणि व्याज स्वतःहून भरलं तर दंड १५ टक्के. नोटिशीनंतर मुदतीत भरलं तर २५, आदेशानंतर मुदतीत ५०. शेवटपर्यंत ताणलं की कराइतकाच दंड. मात्र दंड भरला म्हणून फौजदारी टळेलच असं नाही. बोगस बिलं फाडणाऱ्याला तर २०२३ च्या दुरुस्तीपासून तडजोडीचीही सोय उरलेली नाही.

७. सहकार्य करा, हक्क सोडू नका.
धाडीच्या वेळी धाक दाखवून पैसे भरून घेता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ च्या निकालात हे बजावलं आहे. मागितलेले कागद द्या, पण त्यांची यादी आणि पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय राहू नका.

आपल्या फायलीत असं एखादं बिल असेल तर आजच सल्लागारापुढे सगळं उघडं करा. त्याच्यापासूनच लपवलंत तर तो तुमची बाजू मांडू शकणार नाही.