'व्हिजिट' म्हणजे नेमके काय?



आमच्या कामाच्या रजिस्टरात 'व्हिजिट' असा एक रकाना असतो. गेल्या हिवाळ्यात एका पाड्यावर मी एका दिवसात बावीस घरे केली व रकाना भरला. एका घरी आजी तापाने पडून होत्या, मुलगा व सून वीटभट्टीवर. मी दारातूनच विचारपूस केली. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा कळले की त्या दिवशी घरात शिजवायला काही नव्हते. आजी म्हणाल्या, "तू आलास कुठं बाबा? दारावरनं गेलास."

त्या रात्री मी या इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास केला.

१. भेटायला जाणे. हा रोजचा अर्थ. शब्द लॅटिनमधला, मुळात 'पाहणे' या अर्थाचा. अमेरिकेत त्याला 'विथ' जोडला की निवांत गप्पा मारत बसणे असा अर्थ होतो.

२. तपासणी करणे. साहेब शाळेला 'व्हिजिट' देतात ती ही.

३. शिक्षा करणे. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात निर्गम 20:5 येथे वडिलांच्या अपराधाबद्दल मुलांना शासन करण्यासाठी हेच क्रियापद आहे.

४. साहाय्याला येणे. त्याच भाषांतरात देव सारेला 'व्हिजिट' करतो व तिला पुत्र होतो (उत्पत्ती 21:1). आपल्या लोकांना 'व्हिजिट' करतो व त्यांना अन्न मिळते (रूथ 1:6).

शिक्षा आणि साहाय्य एकाच शब्दात कसे? या तिन्ही वचनांत मूळ हिब्रू शब्द 'पाकाद' आहे. त्यात जातीने लक्ष घालण्याचा भाव आहे. देव लक्ष घालतो तेव्हा परिस्थिती होती तशी राहत नाही.

आपली मराठीही मागे नाही. 'समाचार घेणे' म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, आणि खरडपट्टीसुद्धा! याकोब 1:27 मध्ये अनाथ व विधवांच्या बाबतीत आपल्या शास्त्रात हाच शब्द आहे. तेथे काही नव्या इंग्रजी भाषांतरांत 'व्हिजिट'ऐवजी 'काळजी घेणे' अशा अर्थाचे शब्द आहेत.

आजींच्या घरी मी पहिला व दुसरा अर्थ पाळला. चौथा राहून गेला. आता रजिस्टरात मी शेजारी आणखी एक रकाना आखला आहे: 'काय बदलले?' घरे कमी होतात, पण मी आत जाऊन बसतो, चूल पेटली आहे का ते पाहतो.

मननासाठी: या तिमाहीत आपण कोणाच्या दारावरून गेलो आणि कोणाच्या घरात गेलो?