पगार चांगला, पण टेल कोण भरणार?

प्रश्न : पुण्यात बीएस्सी नर्सिंग करून ह्यूस्टनला आले. आता नर्स प्रॅक्टिशनर झाले आहे. एका खासगी क्लिनिकची पहिली ऑफर आली आहे, पगार उत्तम. सही करू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी व्यावसायिक चुकीचा विमा कोणत्या प्रकारचा आहे ते विचारा. ‘क्लेम्स-मेड’ असेल, तर नोकरी सोडल्यावर आलेला दावा त्यात बसत नाही. त्यासाठी ‘टेल’ नावाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि ते महाग पडतं. ते कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको, मालक कितीही गोड बोलो. ‘ऑकरन्स’ विमा असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

टेक्सासमध्ये औषधं लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो. तो डॉक्टर अडल्यावेळी फोन उचलतो का, हे तिथल्याच एखाद्या नर्स प्रॅक्टिशनरला गाठून विचारा. पहिल्याच आठवड्यात रोज वीस रुग्ण देणार असतील, तर पगार उत्तम का, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

स्पर्धाबंदीचं कलमही वाचा. सप्टेंबर 2025पासूनच्या करारांत ते एक वर्ष आणि पाच मैलांपलीकडे ताणता येत नाही.